पत्राचा प्रवेश

लिहिलेलं पत्र माझ्या पर्समध्ये सापडलं तेव्हा सासरे रंगमंचावर जाऊन पाच मिनिटं झाली होती. म्हणजे त्यांच्या कोटाच्या खिशात मी कोरा कागद घडी करून ठेवला होता. मी पत्र घेऊन विंगेकडे धावले.

नाटक आमच्या वस्तीतल्या हौशी मंडळींचं. मी वीज कचेरीत कारकून. सामानाची पेटी सांभाळायला कुणी मिळेना म्हणून सासऱ्यांनी मला यात ओढलं, आणि नको नको म्हणत मी तीन वर्षं रमले. ते स्वतः घड्याळजी, नाक्यावर हातभर रुंदीचं दुकान. पाठांतराच्या नावाने मात्र शंख! म्हणून दर नाटकात त्यांचं लांब भाषण पत्रात घालायचं आणि त्यांनी ते कागद धरून वाचायचं, अशी सोय होती. या खेपेला ते म्हणाले होते, "अक्षर जरा मोठं काढ गं." मी चांगलं ठसठशीत काढलं होतं.

डोळ्यांचा विषय घरात नाजूक होता. दुरुस्त केलेली दोन घड्याळं गेल्या महिन्यात परत आली, तेव्हा नवरा त्यांना म्हणाला, "बाबा, आता पुरे. दुकान बंद करू या."

"दिसतंय तोवर मी बसणार," सासरे ताडकन म्हणाले. "तुला काय, सगळे म्हातारे आंधळेच वाटतात!"

नवऱ्याने तेव्हा विषय सोडून दिला. पण आज तो मुद्दाम पहिल्या रांगेत येऊन बसला होता. निघताना मला म्हणाला, "बघू ना पत्र कसं वाचतात. अडखळले तर उद्याच कुलूप लावतो. लोकांची घड्याळं बिघडवण्यात काय शहाणपण आहे?" त्याचंही चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

"काय झालं?" दिग्दर्शकांनी विंगेत विचारलं. पेशाने दंतवैद्य, माणसाचा चेहरा बघूनच कळ ओळखणारे.

"कोरा कागद गेलाय."

"मेलो! ते पत्र तर नाटकाच्या वहीतसुद्धा नाही, मी मागाहून लिहिलं. आता तूच इथून सांग त्यांना. हळू, पण ऐकू जाईल असं."

हळू आणि ऐकू जाईल असं! पहिली रांग माझ्यापासून चार हातांवर होती. मी विंगेच्या कडेला कागद धरून उभी राहिले. सासऱ्यांनी खिशात हात घातला, घडी उलगडली. दिव्याच्या झोतात पांढराफटक कागद. मी श्वास घेतला.

"बाळा," त्यांनी सुरुवात केली, "तू घर सोडलंस त्याला आज सात वर्षं झाली..."

मी ओळीवरून बोट फिरवत गेले. कानामात्रेचा फरक नव्हता. त्यांची नजर शहाण्यासारखी डावीकडून उजवीकडे जात होती. मध्येच ते थांबले. मी तोंड उघडलं. त्यांनी कागद नाकाशी नेला आणि बरोबर पुढची ओळ म्हटली.

गेले पंधरा दिवस मी भाजी निवडायला बसले की ते हे पत्र माझ्या हातात देत. "तू वाच, मला सूर पकडू दे." मी चिडवायचे, "बाबा, तुमच्या सुरापायी आम्ही उपाशी राहणार." मला ते नाटकी लाड वाटले होते. आता विंगेत उभ्या उभ्या मला रडू फुटलं.

टाळ्या भरपूर पडल्या. नाटक संपल्यावर मी रंगपटात पोचेपर्यंत नवरा तिथे हजर होता. चेहरा असा की शिक्षा ऐकायची वेळ त्याचीच आलीय.

"बाबा, घडाघडा वाचलंत की! मी उगाच..."

"मग?" सासरे गालाचा रंग पुसत होते. असा रुबाब मी त्यांच्या तोंडावर वर्षभरात पाहिला नव्हता. "सूनबाईने अक्षर असं काढलंय, की अडखळायचं कारणच नाही. हे घे, बघ तूच."

मी पुढे होईपर्यंत त्यांनी खिशातला कागद काढून त्याच्या हातात दिलाही होता. नवऱ्याने घडी उघडली. मग कागद उलटून पाहिला. माझ्याकडे पाहिलं.

"काय?" सासरे आरशाकडे तोंड करून म्हणाले. "आहे की नाही ठसठशीत?"

"हो बाबा," नवरा म्हणाला. "छान काढलंय."

त्याने कागदाची पुन्हा होती तशीच घडी घातली आणि त्यांच्या खिशात ठेवून दिली.