रिकामा खड्डा

या, असे जवळ सरका. देवाचं नाव घ्या आणि कान इकडे द्या. एका संशयी ताईची गोष्ट सांगायची आहे.

ही ताई भूसुरुंग शोधायच्या हातयंत्राचा अँटेना बनवायची. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती. ती जमिनीत लहरी सोडते, परतलेल्या टिपते. सोमवारी ताईचा धाकटा भाऊ तेच यंत्र घेऊन सुरुंगांच्या माळावर सगळ्यांच्या पुढे चालणार होता.

मातीच्या हौदात पुरलेले प्लास्टिकचे चाळीसच्या चाळीस नकली सुरुंग नव्या अँटेनाने शोधले. सगळे खूश. ताईला मात्र ते पटेना. एकही चूक नाही?

सुरुंग पुरायचे हौदवाले काका. ताईला वाटलं, म्हातारा माझी दया येऊन आत खिळा सरकवतो, यंत्राला सहज सापडावा म्हणून. दोन दिवस तिने त्यांच्या खिशांवर नजर ठेवली. शेवटी एक सुरुंग फोडलाच. आत काही नव्हतं.

“काय गं, पोस्टमॉर्टेम का?” मागे काका उभे.

“काका, खरं सांगा. यात लोखंड घालता ना?”

काकांचा चेहरा उतरला. “बावीस वर्षं माती उकरतोय, पोरी. हे घे खुरपं. तूच पूर.”

ताईने रागारागात खड्डा खणला. सुरुंग तर फुटलेला, पुरणार काय? तसाच बुजवला. “बघा आता, रिकाम्यावर कसं गप्प राहतं!” म्हणत यंत्र फिरवलं.

यंत्र कुईं करून ओरडलं.

मग काका हळूच म्हणाले, “त्या कोपऱ्यात फिरव. तिथला एक काढायचा राहिलाय, सात वर्षं झाली.”

कोपऱ्यावर यंत्र मुकं.

ताईने तिथूनच भावाला फोन लावला. “भावड्या, नवं यंत्र नेऊ नकोस.”

“अगं, चाळीसपैकी चाळीस ना?”

“ते सुरुंग नाही शोधत रे, काकांचं खुरपं शोधतं! ताजी उकरलेली माती. तुझ्या माळावरचे सुरुंग वीस वर्षं मुरलेत.”

“बरं. मग आपली जुनी सळई. रांगत जातो, जमिनीत टोचत टोचत.”

ताई काकांच्या पाया पडायला वाकली. “राहू दे,” काका म्हणाले. “उद्यापासून निम्मे खड्डे रिकामेच बुजवीन. कुठले, ते तुलासुद्धा सांगणार नाही. घे संशय!”

सोमवारी भाऊ आपल्या दोन्ही पायांनी घरी आला. तेव्हा बाबांनो, देवापुढे हात जोडाल, तेव्हा रिकामे खड्डे बुजवणाऱ्या त्या काकांची आठवण असू द्या.