सासू-जावयाच्या मधला ट्रूपी

या वाळवंटात अशी एकही जागा नाही, जिथं मी रुतलो आणि बाहेर पडलो नाही. ही सोडून.

मी ट्रूपी बोलतोय. ट्रूपी म्हणजे लांब डब्याची उंच गाडी. पुढं दोघांची बसायची सोय, मागं समोरासमोर दोन बाकडी, टपावर स्टेपनी आणि वाटेत दिसेल ते जळण. माझी चाकं विचाराल तर ती आहेत, पण दिसत नाहीत. खाऱ्या तळ्याच्या चिखलात आहेत. पोटही तिथंच आहे. दारं मिठानं धरून ठेवलीत. बाकी मी मजेत.

जन्म माझा समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. वाळूतून जाशील, दगडातून जाशील, नदी लागली तर तीही ओलांडशील, असं सांगून मला जहाजावर चढवलं. मिठाचं नाव कुणी काढलं नाही. आपल्याकडं शिकवणाऱ्यांची हीच खोड आहे, नेमकं लागणार असतं तेवढंच सांगायचं राहतं.

इथं आल्यावर आधी मी एका रस्ते मोजणाऱ्याकडं होतो. मग शाळेनं मला घेतलं. सकाळी पोरं गोळा करायची आणि दिवसभर वर्गाच्या खिडकीखाली उभं राहायचं. खिडकीतून जेवढं बाहेर पडलं तेवढं माझं शिक्षण. मास्तर ओरडायचे तो भाग मला पाठ आहे, हळू सांगायचे ती विद्या राहून गेली.

म्हातारा झालो तेव्हा इथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतल्या रेंजरांनी मला मागून घेतलं. माझ्या दारावर घोरपड रंगवली. मला विचारलं असतं तर मी कांगारू मागितला असता, पण गाडीला कोण विचारतं?

रेंजरांचं काम म्हणजे मुलूख राखणं. दगडांतल्या पाण्याच्या खळग्यांत उंट मरून पडतात, ते बाहेर ओढायचे. रानमांजरांचा माग काढायचा. बिल्बी म्हणजे सशाच्या कानांचा छोटा प्राणी, आता थोडाच उरलेला, त्याची बिळं बघायची. आणि थंडी असेपर्यंत जागोजाग थोडं थोडं रान पेटवायचं. इथलं काटेरी स्पिनिफेक्स गवत फार वर्षं पेटवलं नाही तर बंदुकीच्या दारूसारखं साठतं. मग उन्हाळ्यात वीज पडते आणि सगळाच मुलूख घेऊन जाते. आपण पेटवताना इकडचं जाळतो, तिकडचं राखतो. वीज कुणाला विचारत नाही.

या कामाला प्रमुख म्हणून आधी शहरातून माणसं यायची. एक पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडला. दुसरा रेडिओवरून सगळ्यांशी भांडला आणि शेवटी रेडिओशीच भांडला. अशांच्या हाताला मी मुद्दाम पहिल्या किल्लीला चालू व्हायचो नाही. मग डॉर्कस आजी येऊन बॉनेटवर एक थाप मारायची की मी लगेच घुरघुरायचो. साहेबाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. माझी तेवढीच करमणूक.

डॉर्कस आजी म्हणजे तळ्यापलीकडच्या मुलखाची धनीण. तो तिच्या बापाचा मुलूख. तिथं कुठं काडी लावायची, कुठं नाही, हे बोलायचा हक्क तिचा. वस्तीच्या बैठकीत नवा प्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा तिनं लेकीकरवी, लिनेटकरवी, सांगून पाठवलं, "आता आपलाच माणूस करा. बेव्हनला करा. तो निदान माझ्याकडं डोळे वटारून बघणार नाही."

सगळी बैठक हसली, कारण बेव्हन लिनेटचा नवरा. आमच्याकडं जावई सासूच्या नजरेला नजर देत नाही, तिच्याशी बोलत नाही, तिच्या वाटेतून बाजूला होतो. तीही त्याच्या. यात भांडण नाही, मान आहे. मोठा मान. इतका मोठा, की एका गाडीत मावत नाही.

म्हणून काम दोन गाड्यांनी चालायचं. बेव्हन माझ्यात, आजी दुसऱ्या गाडीत, आणि लिनेट रेडिओवर दोघांच्या मधे. आई म्हणायची, "त्याला सांग डावीकडं घे." लिनेट म्हणायची, "डावीकडं घे." तो तिला म्हणायचा, "विचार, किती." ती विचारायची. या धंद्यात लिनेटचा घसा बसला, पण संसार टिकला.

त्या वर्षी थंडी सरत आली आणि तळ्यापलीकडचा मुलूख पेटवायचा तसाच राहिला होता. कितीतरी वर्षांचं गवत तिथं साठलेलं. बिल्बीही उरलेल्या तिथंच. चार-पाच दिवसांत वायव्येचा गरम वारा सुटणार, आणि एकदा तो सुटला की काडी ओढायची नाही. नेमका त्याच आठवड्यात दुसऱ्या गाडीचा ॲक्सल मोडला आणि लिनेटला बहिणीच्या बाळंतपणासाठी विमानानं शहरात जावं लागलं.

बेव्हननं दोन दिवस डोकं खाजवलं. मग माझ्या आत, पुढची बाजू आणि मागची बाजू यांच्या मधे, घोंगडी बांधली. मागं डॉर्कस आजी बसली, पाठ पुढं करून, तोंड मागच्या दाराकडं. निरोप इकडून तिकडं करायला तिची थोरली बहीण एस्थर घेतली. एस्थरला कमी ऐकू येतं आणि गाडी सुरू झाली की झोप लागते. म्हणजे निरोप्याची निवड झकास होती.

वस्ती मागं पडायच्या आत एस्थर घोरायला लागली.  मला तर गुदमरायला झालं. पोटात तीन माणसं आणि एक घोंगडी, आणि आवाज फक्त घोरण्याचा. शेवटी मागून आजी म्हणाली,

"म्हाताऱ्या, तुझ्या ड्रायव्हरला सांग, वाळूत गिअर असा करकरवू नये. तुझं वय झालंय."

बेव्हननं गिअर हळू टाकला. थोड्या वेळानं तोही म्हणाला, "म्हाताऱ्या, मागच्या मंडळींना विचार, चहाला थांबायचं का?"

"म्हाताऱ्या, मंडळी म्हणतात थांबू. साखर कुणी आणलीय का, तेही विचार."

झालं. मी निरोप्या झालो. एवढा मान मला शाळेतही नव्हता. ती सकाळ फार रंगली. आजीनं मला विचारून विचारून जावयाच्या स्वयंपाकाची, बुटांची आणि प्रमुखपदाची चौकशी केली, आणि त्यानं मला सांगून सांगून उत्तरं दिली. मी दोघांच्याही बोलण्याला मधे एकेक खडखडाट जोडत होतो.

मग तळं आलं. पांढरंफेक, सपाट, उन्हात ताटासारखं चकचकणारं. उत्तरेकडून वळसा घातला तर दिवस जाणार होता. सरळ गेलं तर पलीकडचा काठ समोर दिसत होता.

आता काय झालं ते ऐका. बेव्हनला वाटलं, म्हातारी माणसं, सकाळपासून हाडं खिळखिळी झालीत, वळसा घालून त्यांना आणखी कशाला छळा? सरळ नेऊ. आजीला कळलं की हा सरळ निघाला. वरचा पापुद्रा फसवा आहे हे तिला ठाऊक होतं. पण तिला वाटलं, सकाळपासून आपण फार बोललो, मर्यादा सोडल्यासारखं झालं. आता प्रमुखाला त्याच्या तोंडावर, म्हणजे त्याच्या गाडीच्या तोंडावर, अडवायचं कसं? ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणून त्याला वाटलं, वाट बरोबर आहे.

दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि मला चिखलात घातलं.

मधोमध गेलो आणि पापुद्रा पोळीसारखा फाटला. मागची चाकं गेली, मग पुढची. बेव्हननं मला मागं-पुढं झुलवलं, तेवढा मी आणखी खाली बसलो. जॅक लावला, तो आमच्या आधी बुडाला. रेडिओवरून वस्तीला कळवलं. उत्तर आलं, शेजारच्या वस्तीतला ट्रक उद्या दुपारी येईल. उद्या दुपारी वारा फिरलेला असणार.

आणि खरा पेच तर पुढंच होता. वस्तीत सासू आली की जावई झाडामागं जातो, घरामागं जातो. इथं चहूकडं झाडाचं पान नाही. लपायला जगात एकच वस्तू होती, ती म्हणजे मी. आजी माझ्या डाव्या अंगाला उतरली, तो उजव्या अंगाला. ती पाण्याच्या डब्यासाठी मागं आली की तो पुढं सरकायचा. तो फावडं घ्यायला मागं आला की ती पुढं. दोघंही माझ्याभोवती गोल फिरत होती आणि मी मधे खुंटा. हसू येत होतं, पण हसलो तर आणखी रुतलो असतो.

शेवटी आजी थांबली. माझ्या दाराला पाठ लावून म्हणाली, "म्हाताऱ्या, तू इथंच बस. मी चालत जाते. काठ काही लांब नाही. मी पेटवत जाईन. तुझ्या ड्रायव्हरला सांग, माझा धूर बघत मागून ये, आणि जिथं आग वाकडी जाईल तिथं झोडप."

 बेव्हननं आग झोडपायला फावडं खांद्यावर घेतलं आणि आजी पार लहान दिसेपर्यंत माझ्या आडोशाला उभा राहिला. मग निघाला. प्रमुख तो, पण पुढं ती. काडेपेटी तिची.

मी राहिलो. एस्थर आत झोपलेली. मला मान वळवता येत नाही, समोरच्या काचेतून जेवढं दिसेल तेवढं माझं जग. तेवढ्यात पहिला धूर उठला, पांढरा, सडपातळ. मग दुसरा. आजी चालतेय हे धुरावरून कळत होतं, आणि प्रत्येक धूर थोड्या वेळानं बसत होता त्यावरून कळत होतं की बेव्हनही पोचतोय. दोघांचं एवढं छान बोलणं मी मधे असताना झालं नव्हतं. थोडा रागच आला.

दुपारी माझ्या अंगाला वाऱ्याची दिशा बदललेली लागली. वारा एक दिवस आधीच फिरला होता. समोरचा एक धूर काळा झाला, रुंद झाला, आणि डावीकडं पळत सुटला. डावीकडं बायकांची पवित्र जागा आहे. तिथं पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं. मीही तिकडं बघत नाही, काच तिकडं असली तरी.

आग तिकडंच निघाली होती. ती आत शिरली तर त्या जागेतली जुनी झाडं, पाण्याचा खळगा आणि पलीकडची बिल्बीची बिळं सगळंच जाणार. आणि बेव्हन त्या आगीमागं पळत असणार. इतका वेळ मी रुतलेला होतो, पण अडकल्यासारखं मला तेव्हा वाटलं. इंजिन असून उपयोग नाही, चाकं असून उपयोग नाही. आत शिरला तर तो आयुष्यभर मान वर करणार नाही. नाही शिरला तर प्रमुख म्हणून मुलूख डोळ्यांसमोर जळताना बघणार.

एस्थर उठून बसली. तिला ऐकू येत नाही, पण धुराचा वास बरोबर येतो. तिनं घोंगडी ओढून खाली टाकली, पुढं बघितलं आणि स्टीअरिंगपाशी सरकली.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरच्या टेकाडावरून डॉर्कस आजीची आरोळी आली. सपाट तळ्यावर आवाज फार लांब जातो. तिथं तिच्या आणि जावयाच्या मधे कुणी नव्हतं, दगडसुद्धा नाही. तरी तिनं रीत सोडली नाही. तिनं मलाच हाक मारली, इतक्या लांबून.

"म्हाताऱ्या, त्याला सांग, तिथंच थांब. पुढचं माझं आहे."

एस्थरनं माझ्या हॉर्नवर तळहात दाबला आणि काढलाच नाही. तिला आरोळी ऐकू आली नव्हती, तिच्या मनानंच तसं घेतलं. मी आयुष्यात कितीदा नको तिथं भोंगा वाजवला असेन, पण त्या दिवशी निरोप चोख पोचवला.

बेव्हन थांबला. मला दिसलं नाही, पण नंतर त्यानंच मला सांगितलं, की आग पुढं जात असताना नुसतं उभं राहणं हे त्यानं केलेलं सगळ्यांत अवघड काम. आजी तिच्या वाटेनं जागेत शिरली आणि आतून, आगीच्या समोर, दुसरी आग लावली. मला दोन धूर दिसले, एकमेकांकडं चालत येणारे. दोघं एकमेकांना वाकून भिडले, खूप उंच गेले, आणि मग जळायला काही उरलंच नाही म्हणून खाली बसले.

परतताना आजी पुढं होती आणि तो फार मागं. दोघंही कोळशासारखी काळी. ती माझ्या डाव्या अंगाला बसली, तो उजव्या अंगाला. 

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. साखळदंडानं ओढलं तेव्हा माझा बंपर त्यांच्याबरोबर गेला आणि मी इथंच राहिलो. मग पाऊस झाला, तळं भरलं, मी आणखी बसलो. त्या उन्हाळ्यात वीज पडलीच. सगळीकडं वणवा फिरला आणि आमच्या जाळलेल्या पट्ट्यांपाशी येऊन मेला. आता सकाळी कधीकधी बिल्बीच्या पावलांची नक्षी तळ्याच्या काठापर्यंत आलेली असते. मला कुणी सांगितलं नाही, एस्थर त्याबद्दल बडबडत असते तेव्हा ऐकलं.

नवी गाडी आली आहे, चकचकीत. तिच्या दारावरही घोरपडच. पण थंडी लागली की सगळे वळसा घालून काठावर येतात, गाडी तिथंच ठेवतात आणि चालत माझ्यापर्यंत येतात. आजी डाव्या अंगाला, बेव्हन उजव्या अंगाला. यंदा कुठं पेटवायचं, कुठं राखायचं, हे माझ्या आरपार ठरतं. मी ऑफिस झालोय. पण ऑफिसला कुठं जाता येत नाही. मला रस्ता हवा आहे. खडखडाट हवा आहे. कुणीतरी नवा साहेब यावा आणि मी त्याला पहिल्या किल्लीला चालू होऊ नये, एवढीच माझी इच्छा.

परवा बेव्हननं माझ्या टपावर हात ठेवला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, मागच्या मंडळींना विचार. खाणवाल्यांकडं मोठं यंत्र आहे, ते द्यायला तयार आहेत. तुला सोडवू का?"

माझ्या गंजक्या तारांत वीज फिरल्यासारखं झालं. मी म्हटलं, आजी, आता तुझ्या हातात आहे. जन्मभर तुझी एक थाप ऐकली, आता माझं एवढं ऐक.

आजीनं चहाचा घोट घेतला. चौफेर पसरलेल्या त्या पांढऱ्या सपाटीकडं बघितलं. मग माझ्या दाराला नीट पाठ टेकून म्हणाली,

"म्हाताऱ्या, सांग तुझ्या ड्रायव्हरला, तू गेलास तर या उघड्या तळ्यावर सासू-जावयानं तोंडं लपवायची कुठं?"