इलेक्ट्रिशियनच्या दारातला अंधार

नाताळच्या संध्याकाळी अख्खी गल्ली झगमगत होती. सगळ्यांच्या माळा माझ्या नवऱ्यानेच लावलेल्या. आमच्या दारातला तारा तेवढा विझलेला, कारण त्याचा प्लग मी उपटून मुठीत धरला होता.

"आईंच्या मातीच्या दिवशी तुम्ही सख्ख्या भावाला चारचौघांत चोर म्हणालात. आईंचं घड्याळ नंतर कपाटातच सापडलं. आधी भाऊजींची माफी मागून या."

"सणासुदीला हे कशाला? लोक हसतील."

"हसू देत. देवापुढे गुडघे टेकता, मग भावापुढे मान का वाकत नाही?"

धुसफुसत त्यांनी चपला घातल्या आणि धाकट्याच्या घराकडे वळले.

शेजारीणबाईंनी विचारलं, "इलेक्ट्रिशियनच्याच दारात अंधार?"

म्हटलं, "आमच्याकडे ख्रिस्त अजून यायचाय. हे त्यालाच आणायला गेलेत, भाऊजींच्या घरी."