उंटाच्या हॉटेलातला तिसऱ्या ओळीचा फोटो

रविवारी, १६ मार्च २०२५ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आष्टीच्या उषाबाई आणि त्यांची मुलगी आकांक्षा वडीगोद्रीजवळ जुन्या रस्त्यावरच्या उंटाच्या हॉटेलात चहाला थांबल्या. गाडीत आकांक्षाच्या लग्नाच्या पत्रिका होत्या. वडिलांच्या नावाआधी 'कै.' छापलेलं होतं.

दारातला सिमेंटचा उंट हॉटेलमालक बजरंगलाल यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी उभा केला. जाताना उंटावर बसून फोटो काढायचा, परतीला घेऊन जायचा. तेव्हा फोटो जालन्याहून धुऊन यायचे. पुढं छपाईचं मशीन आलं, पद्धत तीच राहिली. कुणी न नेलेले फोटो आतल्या भिंतीवर लागत. नवा रस्ता झाल्यापासून गिऱ्हाईक तुरळक. भिंत मात्र भरलेली.

"पप्पांनी मला ह्याच्यावर बसवल्तं," आकांक्षा म्हणाली.

"आन तू रडून रस्ता डोक्यावर घेतल्ता," म्हणत उषाबाई भिंतीकडं वळल्या आणि तिथंच थांबल्या.

तिसऱ्या ओळीत त्यांचे पती तातेराव होते. दाढी पांढरी, अंगात अनोळखी स्वेटर. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं. ते कडबा कटरमध्ये गेलं होतं.

आकांक्षानं फोटो काढून उलटा केला. मागं तारीख होती : ५ फेब्रुवारी २०२३.

तातेराव २०११ साली घरातून निघून गेले. आठ वर्षं वाट पाहून भावकीनं मे २०१९ मध्ये दर्भाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, दहावं-तेरावं उरकलं. उषाबाईंनी तेव्हापासून कुंकू लावलेलं नाही. त्यानंतर पावणेचार वर्षांनी हा माणूस उंटावर बसला होता.

"काय म्हणले हो ते?" उषाबाईंनी गल्ल्यावरच्या बजरंगलाल यांना विचारलं.

"परतीला नेतो म्हणले, बाई. सगळेच म्हणतात," बजरंगलाल म्हणाले. "पैदल होते. गेले तिकडं पैठणच्या अंगानं."

"आई, आता पत्रिकेचं काय?" आकांक्षानं विचारलं.

उषाबाई बजरंगलाल यांच्याकडं वळल्या. "भाऊ, आमचा फोटो काढा."

"बसा उंटावर."

"ह्या वयात? हाडं मोडतील."

"मी अठ्ठ्याहत्तरचा, रोज चढून धूळ पुसतो!"

त्या उंटाला टेकून उभ्या राहिल्या, मुलगी शेजारी. फोटो छापून आल्यावर त्यांनी मागं लिहिलं : 'आकांक्षाचं लग्न. ३० एप्रिल, आष्टी.'

"परतीला नेणार ना?"

"न्हाई. त्यांच्या बाजूला लावा."

२ एप्रिलला, उषाबाईंनी हॉटेलात ठेवलेल्या नंबरवर बजरंगलाल यांच्या सूनबाई शिखा यांचा फोन आला. तातेरावांचा फोटो जागेवर आहे. उषाबाईंचा नाही. कुणी नेला, ते कुणी पाहिलं नाही.

उरलेल्या साठ पत्रिका अजून गाडीच्या डिकीत आहेत.