सुईणीच्या लेकीची टोपी

"टोपी डोक्यावर चढली की नर्सला गाव नसतं, घर नसतं आणि स्वभाव तर मुळीच नसतो." आमच्या मेट्रन आवडाबाईंचा हा नियम मला पाठ आहे. तो का, असं विचारायचं नाही, हेही त्या नियमातच आलं.

मी तीच टोपी. कल्याणच्या एका प्रसूतिगृहातली. ठाण्याच्या एका शिंप्याने अर्धा वार लाँगक्लॉथमधून मला बेतलं. दर रविवारी खळ आणि वर कडक इस्त्री, म्हणजे मी ताठ उभी राहावी. पण आतून मला कधी चैन नव्हतं. पिना टोचत, मान वळली की मी सरकत असे आणि पुन्हा जागेवर दामटली जात असे.

माझी पहिली मालकीण वासंती. तीन वर्षं मला घालून लग्न ठरताच तिने मला परत केलं. ती गेल्यावर एकाही बाळंतिणीने विचारलं नाही, त्या सिस्टर कुठे गेल्या म्हणून. आवडाबाई हे कौतुकाने सांगत. मला त्याची शरम वाटे.

मग त्रेपन्न साली नंदा आली. ठाण्याजवळच्या बाळकुमची, मॅट्रिक झालेली, नर्सिंगच्या परीक्षेत वरच्या नंबरात. सहा महिने उमेदवारी, मग आवडाबाई आणि डॉक्टरांनी सही केली तर कायम. घरी कोण असतं असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, आई असते, घरकाम करते. खरं तर तिची आई रंगूबाई गावची सुईण होती. आवडाबाई सुईणींना घाणेरड्या आणि तोंडाळ म्हणत, तेव्हा नंदा मान खाली घालून ऐके. तिच्या कपाळाची शीर मात्र माझ्याखाली थडथडायची. बोल ना, असं मला वाटे. पण सहीची तिला फार गरज होती.

उमेदवारीचे आठ दिवस उरले असताना बायजा आली, टिटवाळ्याजवळच्या खेड्यातून, बैलगाडीने. पहिलटकरीण. पांढऱ्या भिंती, पांढरे कपडे, लोखंडी खाट पाहून ती इतकी भ्याली, की कळ आली की दात आवळून श्वास कोंडी आणि कळ ओसरली की घरी जाते म्हणून उठू लागे. डॉक्टरांनी मूल ओढून काढायचे चिमटे उकळायला सांगितले. नंदाने नियमाप्रमाणे तीनदा "जोर करा" म्हटलं. बायजाने तिच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं.

मग नंदा खाली वाकली, इतकी की मी तिच्या कानावर लोंबायला लागले.

"काय गो बाय, दात कोनावर खातेस? ज्यानं हे केलं तो भायेर बिडी ओढतोय. घे त्याचं नाव न् दे शिव्या."

"नवऱ्याचं नाव कसं घेऊ?"

"बाळंतिनीला पाप नाय. माझी आय सुईन हाय. तिनं शंभर जनींना घ्यायला लावलंय."

बायजाने छातीभर श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "सहदेवा, मेल्या!"

व्हरांड्यातून बिचाऱ्याने "ओ" दिली. अख्खा वॉर्ड हसला. बायजाही हसली. अशा चार-पाच हाकांत मुलगी झाली. चिमटे उकळलेल्या पाण्यातच राहिले.

दारात डॉक्टर आणि आवडाबाई उभे होते.

आता आम्ही ऑफिसात आहोत. होय, हे मी नंदाच्या डोक्यावरूनच सांगते आहे. टेबलावर एक कागद आहे. 'सुईणीच्या पद्धतीचं वर्तन मी पुन्हा करणार नाही.' खाली नंदाने सही करायची, मग तिच्या नेमणुकीवर ते दोघं करणार. डॉक्टर समजुतीने सांगताहेत की मुली, तू हुशार आहेस, एका सहीने काय बिघडतं. आवडाबाईंनी विचारलं, घरकाम करणारी आई एकाएकी सुईण कशी झाली? मग त्यांनी माझ्यासाठी हात पुढे केला. सही नाही तर टोपी.

थोर माणसांची मला एवढीच चीड येते. सुखरूप मूल त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि राग आला तो हसण्याचा. तुमच्याकडे कुणी अशी मुलगी असेल, तर तिला माझ्यासारखी खळ घालू नका.

नंदाने कागद वाचला आणि परत सरकवला.

"आईबद्दल मी खोटं बोलले, ते चुकलं," ती म्हणाली. "ती हात धूत नाही म्हणून मी तिच्याशी भांडले आहे, अजून भांडते. हात धुवायला मी इथे शिकले. घाबरलेल्या बाईला बोलतं करायला तिच्याकडून शिकले. त्यातलं एक घरी ठेवून कामावर येणं मला जमणार नाही. मी सही करणार नाही, आणि टोपीही देणार नाही. ती मी परीक्षा देऊन मिळवली आहे."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आवडाबाईंचा हात टेबलावर उताणाच राहिला. नंदाने माझी पीन घट्ट केली आणि बायजाला बघायला ती वॉर्डाकडे निघाली.