एकदाच वाजवायची रेकॉर्ड

मी खरेदीला निघालो की दुकानदार आजारी पडतात, असं माझी बहीण रोशनी म्हणते. मिक्सर घेताना मी मेनरोडची सात दुकानं पालथी घातली आणि शेवटी पहिल्याच दुकानातला घेतला. या गुणाचा मला अभिमान होता. आता लाज वाटते. पण लाज वाटून उपयोग काय, बैल गेला आणि झोपा केला.

माझे वडील हिरामण तबला वाजवायचे. लग्नात, देवळात, जिथे बोलावतील तिथे. पण रेकॉर्डवर त्यांचा हात एकदाच उमटला, गायिका सिंधुबाईंच्या अभंगांच्या रेकॉर्डवर. कव्हरवर नाव फक्त सिंधुबाईंचं. ती एकुलती एक प्रत विंचूरला चुलत्यांच्या माळ्यावर पडून होती. यंदा गुढीपाडव्याला काकूंनी ती आमच्या पंचवटीतल्या घरी आणून दिली. बाबांनी ती चाळीस वर्षं ऐकली नव्हती.

घरात चालू प्लेअर होता, स्पीकर होते. बाबा म्हणाले, "लाव की. माझा हात कसा व्हता, ऐकू दे."

मी म्हणालो, "थांबा. सुई दरवेळी रेकॉर्ड थोडी खाते. एकदाच वाजवायची आणि तेव्हाच कॉम्प्युटरवर घ्यायची. मग रोज ऐका."

"आज एकदा लावली तर काय व्हतंय?"

"बाबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

हे वाक्य मी बोललो, आणि रेकॉर्ड कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली.

प्लेअरचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी एक छोटी पेटी लागते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ती स्वस्तात हवी आणि चांगलीही हवी, इथेच माझं घोडं अडलं. स्वस्त पेटीत रेकॉर्डचा बारीक आवाज वाढवायची सोय नव्हती, ती वेगळी घ्यावी लागणार होती. ज्यात सोय होती, तिच्यात गुणगुण येते असं कुणीतरी लिहिलेलं. तिसरीला एकच धड इनपुट, म्हणजे डावं-उजवं वेगळं येणार नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी वहीत तक्ते केले, रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले. रोशनी इगतपुरीहून आली तेव्हा तिने मला कपाट उघडायला लावलं आणि रेकॉर्डवरचं लेबल वाचलं. म्हणाली, "दादा, ही मोनो आहे. डावं-उजवं एकच."

मला तिचा रागच आला. बरोबर बोलली म्हणून जास्त आला.

श्रावणात बाबा म्हणाले, "अमित, कोनतीबी घे रे. कान पहिल्यासारखे नाय राहिले."

यावर कुणीही शहाण्या माणसाने कपाट उघडलं असतं. मी म्हणालो, "मग हेडफोन चांगला लागेल." आणि तीन आठवडे हेडफोन शोधले. नंतर दसऱ्याच्या सेलसाठी थांबलो. सेलमध्ये मला हवी ती पेटी संपली, म्हणून दिवाळीसाठी थांबलो. दरम्यान बाबा बोलायचे कमी झाले. हाक मारली तर बघायचे नाहीत. मी बायकोला, पल्लवीला म्हणालो, म्हातारा रुसलाय. पल्लवी म्हणाली, "एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवू या." मी म्हणालो, दिवाळी होऊ दे.

दिवाळीनंतर पेटी आली. रविवारी सकाळी पंखे बंद करून, दारावरची बेल काढून मी रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवली. गुणगुण नाही, खरखर नाही. इतकं सुरेख काम मी आयुष्यात केलं नव्हतं. बाबांना खुर्चीत बसवलं, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि त्याची वायर पेटीला जोडायला वळलो.

मागून आवाज आला, "लय साफ आलंय रे."

बाबांनी डोळे मिटले होते. उजवा हात मांडीवर ठेका धरत होता. चेहरा हसरा होता, माझ्यासाठी हसरा केलेला. वायरचं टोक अजून माझ्या हातात होतं. पल्लवीने ते पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"बाबा, अजून लावलं नाही," मी म्हणालो. मग ओरडून म्हणालो. त्यांनी मान डोलावली. "सिंधुबाईंचा गळा काय व्हता," म्हणाले.

मी वायर जोडली. आवाज शेवटपर्यंत वाढवला, इतका की हेडफोनमधून निसटून तो मलाही ऐकू येत होता. चोवीस वर्षांच्या हिरामणने पहिली थाप दिली आणि सिंधुबाईंनी अभंग उचलला, तेव्हा बाबांचा मांडीवरचा ठेका केव्हाच अंतऱ्यावर पोचला होता.