तोंड एकीकडे, घसा दुसरीकडे

मी एक नमुना बोलतोय. कशाचा नमुना, असं विचाराल तर उत्तर द्यायला मला जरा वेळ लागेल, कारण त्याबद्दल माणसांचं एकमत व्हायच्या आधीच मी जन्माला आलो. माझ्या पाठीवर एक चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'हातातला संगणक, नमुना ४'. पहिले तीन कुठे गेले ते मला कोणी सांगितलं नाही. मधूनमधून मला वाटतं, ते तिघेही मीच होतो.

पहिल्यांदा मी लाकडाचा होतो. सायकलींच्या दुकानावरच्या मोठ्या खोलीत बुवांनी मला साबणाच्या वडीसारखं तासलं, कडा घासल्या आणि खिशात घालून दोन दिवस नुसते हिंडले. खिसा फुगतो का, बसताना टोचतो का, हे त्यांना पाहायचं होतं. बुवा म्हणजे यंत्रांची खोकी करणारे. त्यांचं बोलणं संथ, म्हणून खोलीतले सगळे त्यांना बुवा म्हणत. त्यांची बायको त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर बसायची आणि माझ्या पोटातलं सर्किट रचायची. तिला सगळे बाई म्हणत. आणि दोघांच्या मधल्या टेबलावर साहेब. हे काम साहेबांनी आणलं होतं.

काम असं होतं. गावभर घरोघरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या नर्सबाईंना हातात धरता येईल असा संगणक हवा होता. ताप किती, रक्तदाब किती, औषध कोणतं दिलं, सगळं त्यात लिहायचं आणि संध्याकाळी त्यांच्या आरोग्य कार्यालयात उतरवून घ्यायचं. साहेबांनी तीनशे यंत्रांचा शब्द देऊन टाकला होता. तो पाळता आला नाही तर खोली बंद करून तिघांनाही दुसरीकडे काम शोधावं लागणार होतं. हे साहेबांनी एकदाच सांगितलं आणि पुन्हा काढलं नाही. त्यामुळे ते सगळ्यांच्या जास्तच लक्षात राहिलं.

आता माझ्या गोंधळाचं मूळ सांगतो. त्या काळी माझ्यासारख्याच्या पोटात फारसं काही टिकत नसे. बॅटरी उतरली की सगळं गेलं. म्हणून लिहिलेलं एका कार्डावर साठवायचं, कार्ड काढायचं आणि दुसऱ्या यंत्रात घालून वाचायचं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण बाजारात कार्डं तऱ्हेतऱ्हेची होती, आणि एकाचं दुसऱ्याच्या खाचेत जात नव्हतं. माझ्या अंगाला कोणती खाच पाडायची, एवढाच प्रश्न होता. त्याच्यापायी चार महिने गेले.

टेबलावर तीन कार्डं आली. एक जाडं, काडेपेटीच्या आकाराचं पण चपटं. दुसरं पातळ, बिस्किटाच्या कागदासारखं, एका बाजूला सोनेरी पत्रा उघडाच. तिसरं लहान, टपालाच्या तिकिटाएवढं. मी तिघांकडेही पाहिलं. तिघांपैकी कोण माझं, ते मला तरी ओळखता येईना.

पातळ कार्डाचा निकाल लवकर लागला. साहेब ते मागच्या खिशात ठेवून खुर्चीत बसले. उठले तेव्हा कार्डाला मधोमध घडी पडली होती. साहेबांनी ते कुणालाही न दाखवता कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पातळ कार्ड आपल्या कामाचं नाही असं जाहीर केलं.

राहिली दोन. बाईंना जाडं हवं होतं. ते दणकट होतं, कुठल्याही दुकानात मिळायचं, त्यात जागा जास्त, आणि त्याचं सर्किट त्यांना तोंडपाठ होतं. बुवांना लहान हवं होतं. जाडं घेतलं तर माझं अंग बोटभर फुगणार, आणि एवढ्या खपून तासलेल्या कडांचं मातेरं होणार, असं त्यांचं म्हणणं.

बुवांनी लहान खाच पाडली की मी लहान कार्डाचा व्हायचो. जेवणाच्या सुट्टीनंतर बाई काहीतरी बोलायच्या, साहेब मान डोलवायचे, आणि संध्याकाळी माझी ती खाच बुजवून वरच्या अंगाला रुंद खाच पडलेली असायची. लाकडातून मी प्लास्टिकमध्ये आलो तरी हेच चालू राहिलं. माणसांना जन्मतःच तोंड मिळतं आणि ते कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही, याचा मला फार हेवा वाटायचा.

मला पिशवीत घालून ते दोघं घरीही न्यायचे. जेवणाच्या टेबलावर मीठ आणि पाण्याचा तांब्या यांच्यामध्ये माझी जागा. बुवा म्हणायचे, जाडं कार्ड आज आहे, उद्या राहील की नाही कोण जाणे. बाई म्हणायच्या, लहान कार्ड उद्या येईल, पण नर्सबाईंना यंत्र आज हवंय. मग एकदा बाईंच्या तोंडून गेलं, "तुला खोकं सुंदर हवंय, बाकी कुणाचं काही का होईना." बुवांनी हातातला घास खाली ठेवला. ते एवढंच म्हणाले, "आणि तुला जे येतं तेच करायचंय."

त्यानंतर चार दिवस दोघं बोलले नाहीत. म्हणजे दूध संपलंय, किल्ली कुठे आहे, एवढं बोलायचे. कार्डाचं नाव कोणी काढलं नाही. मी टेबलावर पडून विचार करत होतो की हे माझ्यामुळे झालं की कार्डामुळे, आणि यात मी नेमका कुणाच्या बाजूचा.

तेवढ्यात साहेबांनी ठरवलं की मला दहा दिवस एका सिस्टरांकडे वापरायला द्यायचं. तेव्हा मी तिसरा नमुना होतो. जाड्या कार्डाची खाच असलेला, कडेला चिकटपट्टी लावून बंद केलेला, दिसायला अगदीच ओबडधोबड. सिस्टर पन्नाशीच्या, भराभर चालणाऱ्या आणि फार न बोलणाऱ्या. मला त्यांनी एप्रनच्या खिशात टाकलं आणि निघाल्या.

मी पहिल्यांदाच दुसऱ्यांची घरं पाहिली. एक आजोबा रोज एकच तक्रार नव्याने सांगायचे आणि सिस्टर रोज ती नव्याने ऐकायच्या. एक बाळंतीण माझ्याकडे बघून म्हणाली, यात माझं नाव खरंच राहतं का. सिस्टर म्हणाल्या, राहतं म्हणे. त्या 'म्हणे'वर मी बराच वेळ अडलो होतो.

सोमवारी बुवा आमच्याबरोबर आले. त्यांनी सगळा वेळ सिस्टरांची बोटं पाहिली. बोटं सुजलेली होती, सांध्यांना गाठी होत्या. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडतानाही त्यांना त्रास होत होता. तिकिटाएवढं कार्ड या सिस्टर चिमटीत कशा धरणार, असं काहीसं बुवा पुटपुटले. ते मी ऐकलं.

बुधवारी बाई आल्या. त्यांनी सिस्टरांचा खिसा पाहिला. मी इतका जाड होतो की प्रत्येक पलंगाच्या कडेला आपटत होतो, आणि रुग्णाला कुशीवर वळवताना सिस्टरांना मला काढून खिडकीत ठेवावं लागत होतं. एका घरी तर त्या मला विसरूनच निघाल्या आणि अर्ध्या रस्त्यातून परत आल्या. जिन्यात मला हातात घेऊन बाई स्वतःशीच म्हणाल्या की हा बारीक व्हायलाच हवा.

दोघं वेगवेगळ्या दिवशी आले, वेगवेगळं पाहून गेले आणि एकमेकांना काही बोलले नाहीत. चार दिवसांचा अबोला आणखी लांबला होता. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. सांगायला मात्र माझ्याकडे कायमचं तोंडच नव्हतं.

ज्या दिवशी कार्यालयाचे लोक पाहायला येणार होते, त्या सकाळी बुवांनी नवं खोकं आणलं आणि बाईंनी नवा सर्किट बोर्ड. तो मी चौथा. बाईंनी बोर्ड खोक्यात ठेवला, स्क्रू पिळले आणि कार्ड घालायला गेल्या. माझ्या डोक्यावर जाड्या कार्डाची रुंद खाच होती. त्या खाचेच्या मागे काहीच नव्हतं. बोर्डावरचं सॉकेट, म्हणजे कार्ड आत जिथे बसतं तो माझा घसा, लहान कार्डाचं होतं, आणि ते माझ्या उजव्या कुशीत, जिथे खोक्याला भोकच नव्हतं.

बाईंनी खाचेतून आत डोकावून पाहिलं. शेवटी बाई म्हणाल्या, "तू तर लहान म्हणत होतास."

"तू जाडं म्हणत होतीस," बुवा म्हणाले. "मी सिस्टरांचे हात बघून आलो."

"मी त्यांचा खिसा बघून आले."

बाई स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता भांडण होणार. पण बुवांनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. ते हसणं होतं की रडणं, माझ्या तेव्हाही लक्षात आलं नाही.

वीस मिनिटांत साहेब वर आले. त्यांच्यामागे कार्यालयातले दोघं आणि सिस्टर. साहेबांनी मला हातात घेतलं, रुंद खाचेत बोट घातलं, ते आत दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. त्यांनी बोट काढलं आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी काही लपवलं नाही. जे झालं ते झालं तसं सांगितलं, आणि मग सिस्टरांना विचारलं की तुम्हीच सांगा, कार्ड काढताना तुम्हाला कोणतं सोपं जाईल.

सिस्टर गोंधळल्या. "कार्ड काढायचं असतं का?" त्या म्हणाल्या. "मी तर एकदाही नाही काढलं. संध्याकाळी अख्खं यंत्र क्लार्कच्या टेबलावर ठेवायचे. तो काय करायचा ते तोच जाणे."

मग त्यांनी आपली खरी तक्रार सांगितली. अक्षरं फार बारीक होती आणि उन्हात तर काहीच दिसत नव्हतं. दहा दिवस त्या प्रत्येक आकडा आधी कागदावर लिहून घ्यायच्या आणि जिन्याच्या सावलीत थांबून माझ्यात भरायच्या. या खोलीत चार महिन्यांत अक्षरांबद्दल कोणी एक शब्दही बोललं नव्हतं.

साहेबांनी घसा साफ केला आणि एकच प्रश्न विचारला, सोमवारपर्यंत काय बदलता येईल? बोर्ड बदलायला तीन आठवडे लागणार होते. खोकं दोन दिवसांत बदलता येत होतं. म्हणून कार्ड लहान ठरलं. बॅटरीचं झाकण उजव्या कुशीपर्यंत वाढवून ते त्याखाली घ्यायचं, क्लार्कने झाकण उघडून काढायचं. रुंद खाच गेल्यावर वर जी जागा उरली तिथे पडदा मोठा करायचा. एवढ्या वादांचा निकाल असा लागला, आणि लागला तेव्हा कुणाच्याही चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही दिसलं नाही.

साचा झाला. माझे तीनशे भाऊ तयार झाले आणि सिस्टरांच्या आणि त्यांच्या सोबतिणींच्या खिशात बसून गेले. ते सहा-सात वर्षं चालले असं ऐकलं. मला मात्र कुठे पाठवता येत नव्हतं. माझं तोंड एकीकडे होतं आणि घसा दुसरीकडे. बुवांनी मला घरी आणलं आणि लिहायच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलं. आजही मी तिथेच आहे. हे काम मला जमतं, यात सॉकेट लागत नाही.

पुढे जाडं कार्ड दुकानांतून दिसेनासं होत गेलं. लहान कार्ड जिकडेतिकडे झालं. साहेब भेटेल त्याला सांगू लागले की मी हे आधीच ओळखलं होतं. एकदा वर्तमानपत्र वाचताना बाई म्हणाल्या, "आपण बरोबर निवडलं होतं हं." बुवांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण निवडलं कुठे गं?" ते म्हणाले. बाईंनी बराच विचार केला आणि पान उलटलं. मीही विचार केला. मला उलटायला पान नव्हतं, म्हणून मी अजून करतोय.

परवा सिस्टर निवृत्त झाल्या. बाई आणि बुवा समारंभाला गेले होते, कॅमेरा घेऊन. सिस्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं असेल तर ते हे, की माझा एक फोटो छापून द्या, परगावी असलेल्या बहिणीला पाठवायचाय, ती आता फिरू शकत नाही. बाईंनी शब्द दिला. घरी येऊन त्यांनी कॅमेऱ्यातून तिकिटाएवढं कार्ड काढलं. तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता, हातात आहे ते कुठेतरी सरळ ठेवावं म्हणून, त्यांनी ते माझ्या डोक्यावरच्या रुंद खाचेत खोचलं आणि पाठ फिरवली. ते घसरून आत गेलं.

दोन दिवस झाले, दोघं घर धुंडाळतायत. पर्सचं अस्तर उसवून झालं, सोफ्याच्या उशा काढून झाल्या. आज सकाळी बुवांनी मला उचलून माझ्याखालचे कागद पाहिले आणि परत ठेवलं. आत टक् असं वाजलं. त्यांनी क्षणभर कान दिला, मग माझा एखादा स्क्रू सुटला असेल असं समजून निघून गेले.

इतक्या वर्षांनी माझ्या पोटात एक कार्ड आहे. त्याच्यावर सिस्टर आहेत, हार घातलेल्या, बहुधा हसऱ्या. ते सॉकेटपासून दोन बोटांवर आडवं पडलंय आणि मला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही. हे माझं भाग्य समजायचं की आणखी एक घोटाळा, हे मला खरोखर कळत नाही.

तेव्हा तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर टेबलावरच्या कागदांवर ठेवलेला एक जुना, राखाडी ठोकळा दिसेल. बोलता बोलता मला उचला, कानाजवळ धरून हलवा आणि बाईंना म्हणा, हा उघडून बघा. मागे चार स्क्रू आहेत. जरा लवकर जा. सिस्टरांच्या बहिणीची प्रकृती बरी नाही असं बाई फोनवर म्हणत होत्या.